गिरगावातल्या छापखान्याचा विंडोज ९८ संगणक आणि १२० जीबीची हार्ड डिस्क: कामाच्या नोंदी

३ जुलै २०२३

यंत्र उघडलं. पेन्टियम एमएमएक्स २०० मेगाहर्ट्झ, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा (नियंत्रक चिपांच्या संचाचा) बोर्ड, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. रॅम वाढवायची नाही, कारण हा चिपसेट ६४ एमबीच्या पुढची मेमरी कॅश करत नाही (वेगवान तात्पुरत्या साठ्यात धरत नाही) आणि वाढवलेली रॅम यंत्र मंद करते. डिस्क ३.२ जीबीची आयडीई (रुंद चपट्या केबलने जोडायच्या जुन्या प्रकारची), चालू होताना कर्कश आवाज करते आणि दुपारनंतर मध्येच अडते.

संगणक बदलून टाका, हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. जुने दिवाळी अंक पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फाँट युनिकोडच्या आधीचे, आणि फाँटच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसतं. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण पान येत नाही. जोडाक्षरांच्या जागा, ओळी कुठे तुटतात, चौकटी, सगळं नव्याने लावावं लागतं. त्यामुळे हेच यंत्र चालू ठेवायचं आणि सीडी, झिप डिस्क, फ्लॉपी यांवर विखुरलेला सगळा संग्रह त्याच्यातल्या एका मोठ्या डिस्कवर आणायचा. यंदाच्या अंकाची पानं लागायला सुरुवात होण्याच्या आत.

आज फक्त दोन कामं. बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये शिरून प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, विशेषतः पॅरलल पोर्टचा मोड आणि पत्ता. सीमॉस (ही सेटिंग जपणारी, सेलवर चालणारी मेमरी) पुसली गेली की पोर्ट मूळ मोडवर जातो आणि लॉक सापडेनासं होतं. मग लोक डिस्कला दोष देत बसतात. त्यानंतर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल मोजला, २.६ व्होल्ट. बदलला.

जुनी डिस्क काढून आयडीई पोर्ट असलेल्या लिनक्स यंत्राला लावली आणि डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने पूर्ण प्रतिमा घेतली. आधी पुनर्प्रयत्न न करता सरळ एक फेरी, मग राहिलेल्या जागांवर तीन पुनर्प्रयत्न. मरायला टेकलेल्या डिस्कवर पहिल्याच फेरीत एकेका सेक्टरशी (५१२ बाइटच्या तुकड्याशी) झुंजलं तर चांगला भाग वाचायच्या आत हेड जातं. शेवटाकडचे थोडे सेक्टर निघाले नाहीत. मॅपफाइलशी (काय वाचलं गेलं, काय राहिलं याच्या नोंदीशी) ताडून पाहिलं, त्या जागेत कुठलीही फाइल नाही.

५ जुलै २०२३

डिस्क घ्यायच्या आधी हिशेब. ‘जुना संगणक मोठी डिस्क घेत नाही’ असं आपण एका दमात म्हणतो, पण अडवणारी भिंत एक नसते आणि प्रत्येक भिंत वेगळ्या थरात असते. कुठली भिंत कुठे आहे हे ठरवल्याशिवाय कुठलाही उपाय करणं म्हणजे नशिबावर सोडणं.

या बोर्डला लागू होणाऱ्या भिंती अशा. पहिली बायोसची. सुरू होताना पडद्याच्या तळाशी येणाऱ्या ओळीत २ए५९आय आहे, म्हणजे ४३०टीएक्ससाठीचा अवॉर्ड बायोस, आवृत्ती ४.५१पीजी. १९९९ पूर्वीच्या अशा बऱ्याच बायोसमध्ये डिस्कचे एकूण सेक्टर १६ हेड आणि ६३ सेक्टर धरून, म्हणजे १,००८ ने, भागून सिलिंडर (हेड-सेक्टरसोबत डिस्कवरची जागा सांगणारा तिसरा आकडा) काढतात आणि ते १६ बिटांच्या जागेत ठेवतात. त्या जागेत जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात. ६५,५३५ गुणिले १,००८ गुणिले ५१२ बाइट, म्हणजे ३३.८ जीबी. यापेक्षा मोठी डिस्क लावली की बायोस तिला छोटी दाखवत नाही, सरळ थिजतो.

दुसरी भिंत विंडोज ९८ च्या एफडिस्कची, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणाऱ्या साधनाची. तो डिस्कचा आकार एमबीत १६ बिटांमध्ये धरतो, म्हणून ६४ जीबीच्या वर गेलं की ६५,५३६ एमबी गळून पडतात. तिसरी भिंत एटीएच्या (आयडीई डिस्कशी बोलायच्या पद्धतीच्या) जुन्या पत्त्याची, २८ बिटांची: २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. बाजारात १३७ जीबी म्हणतात ती हीच. ४८ बिटांचे पत्ते एटीए-६ पासून आले आणि विंडोज ९८ च्या स्वतःच्या आयडीई ड्रायव्हरला ते कळत नाहीत.

या तिसऱ्या भिंतीची भीती सर्वांत जास्त, कारण ती शांत असते. बायोस थिजला तर निदान कळतं. इथे मात्र विंडोज सुरू होतं, १६० जीबीची डिस्क पूर्ण आकारात दिसते, महिनोन्महिने नीट चालते. ज्या दिवशी लिहिणं १३७ जीबीच्या पलीकडे जातं त्या दिवशी पत्त्याचे वरचे बिट गळतात आणि तो मजकूर डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतो. सुरुवातीला काय असतं? पार्टिशन टेबल, बूट सेक्टर, फाइल अलोकेशन टेबल, म्हणजे कुठे काय आहे याचा नकाशाच. एका सेव्हमध्ये सगळा संग्रह जातो. डिस्क दिसते म्हणजे ती वापरायला सुरक्षित आहे, हे गृहीत धरायचं नाही. या कामात आमचा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे.

म्हणून निर्णय: १२० जीबी. तिचे सेक्टर २३,४४,४१,६४८, २८ बिटांच्या आत. संग्रहाला एवढी जागा भरपूर होते. उद्या ड्रायव्हर निघाला, कार्ड बदललं, कुणी डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली, तरी ही भिंत आड येणार नाही. १६० किंवा २५० जीबी सहज मिळते म्हणून घेणं या यंत्रासाठी चुकीचं ठरेल.

८ जुलै २०२३

लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. नवी आयडीई डिस्क आता बनत नाही, त्यामुळे वापरलेलीच घ्यायची. यूएसबी कन्व्हर्टर आणि लिनक्सचा लॅपटॉप सोबत नेला आणि काउंटरवरच स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी) वाचली. बघायच्या नोंदी: ५ (बदली दिलेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर), १९८ (न सुधारता आलेले), १९९ (सीआरसी, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका), आणि ९ (किती तास चालली). ५, १९७ आणि १९८ शून्य नसतील तर डिस्क परत ठेवायची, किंमत कितीही उतरली तरी. १९९ मध्ये आकडा असला तर घाबरायचं नाही, तो बहुधा आधीच्या यंत्रातल्या केबलचा असतो; पण तो आज किती आहे ते लिहून ठेवायचं.

निवडलेली डिस्क लॅपटॉपवर १२० जीबीऐवजी ३३.८ जीबी दिसली, ६,६०,५५,२४८ सेक्टर. दुकानदार ती ‘लहान’ म्हणून बाजूला ठेवणार होता. हा आकडा ओळखीचा आहे: ६५,५३१ गुणिले १,००८. डिस्कच्या लेबलवर जंपरची (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची) आकृती छापलेली असते आणि त्यात क्षमता ३२ जीबीवर (१,०२४ च्या मोजणीत; हजाराच्या मोजणीत सुमारे ३३.८) मर्यादित करण्याचा पर्याय असतो, खास अशा जुन्या बायोससाठी. आधीच्या कुणीतरी तो जंपर लावून ठेवला होता. काढून, वीज बंद-चालू करून पाहिलं, पूर्ण २३,४४,४१,६४८ सेक्टर आले.

जंपर नसतानाही आकार कमी दिसला तर डिस्कवर राखीव भाग ठरवलेला असू शकतो. तो एचडीपार्म या लिनक्सच्या साधनाने दिसतो आणि काढताही येतो, पण बरेच यूएसबी कन्व्हर्टर त्या आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचवत नाहीत. त्यासाठी खऱ्या आयडीई पोर्टचं यंत्रच हवं.

८० तारांची केबल नवी घेतली, ४५ सेंमी. यापेक्षा लांब, गोल केलेल्या, रंगीत केबली विकायला असतात, घेऊ नयेत.

१० जुलै २०२३

भिंत खरंच बायोसचीच आहे का, हे जंपरच सिद्ध करून देतो. क्षमतेचा जंपर लावून डिस्क जुन्या यंत्रात प्राथमिक मास्टरवर (पहिल्या केबलवरच्या मुख्य जागी; दुय्यम ती स्लेव्ह): ओळखली गेली, ३३.८ जीबी, यंत्र पुढे सरकलं. तोच जंपर काढून: डिस्क ओळखण्याच्या ओळीवर थिजलं, डिलीट दाबूनही सेटअपमध्ये जाता येईना. २३,४४,४१,६४८ भागिले १,००८ म्हणजे २,३२,५८१ सिलिंडर, ६५,५३५ च्या कितीतरी पलीकडे.

केबल तीच, वीज तीच, डिस्क तीच. फरक एका जंपरचा. म्हणजे वीजपुरवठा, केबल, मास्टर-स्लेव्ह हे सगळे संशयित एकाच वेळी सुटले.

तरी व्होल्ट मोजले, डिस्क फिरायला लागताना: पिवळ्या तारेवर ११.८, लालवर ५.०. १२ व्होल्टच्या तारेला ११.४ ते १२.६ आणि ५ च्या तारेला ४.७५ ते ५.२५ चालतं. ठीक.

१२ जुलै २०२३

बायोसची भिंत ओलांडायचे चार मार्ग. ठरवण्यात आजचा दिवस गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

जंपर कायम ठेवणं: सर्वांत सोपं, पण डिस्कचा पाऊण भाग वाया.

ओव्हरले सॉफ्टवेअर, म्हणजे ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह यांसारखं: डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसून बायोसच्या जागी स्वतः पत्ते सांभाळतं. ५०४ एमबी आणि ८.४ जीबीच्या काळात याने अनेकांची सोय केली. पण इथे बायोस त्याला लोड होऊ देण्याच्या आधीच थिजतो; सेटअपमध्ये खोटी छोटी भूमिती (सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे) भरून ते टाळावं लागतं. शिवाय फ्लॉपीवरून सुरू केलं आणि ओव्हरले लोड झालं नाही, तर डिस्क रिकामी किंवा बिघडलेली वाटते आणि कुणीतरी ती फॉरमॅट करतं. संग्रहासाठी नको.

बायोसची सुधारित प्रत चढवणं: ४.५१पीजीसाठी दुरुस्त केलेल्या प्रती फिरतात. चिप सॉकेटमध्ये असेल आणि प्रोग्रामर हाताशी असेल तर हा मार्ग वाईट नाही, मूळ प्रत आधी वाचून ठेवायची. पण बोर्डवरूनच फ्लॅश करताना वीज गेली तर बोर्ड गेला.

चौथा मार्ग निवडला: स्वतःचा बायोस असलेलं पीसीआय आयडीई कार्ड. डिस्क कार्डला लागते, बोर्डच्या बायोसला ती दिसतच नाही, त्यामुळे थिजायचं कारण उरत नाही. सुरू होताना कार्डचा बायोस डिस्कच्या वाचन-लेखनाची जबाबदारी घेतो, डॉसला ड्रायव्हर लागत नाही, आणि विंडोज ९८ साठी कार्डचा ड्रायव्हर वेगळा मिळतो. प्रॉमिस अल्ट्रा१३३ टीएक्स२ ठरलं. ५ व्होल्टच्या जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसेल अशी खाच आहे का, हे घेताना बघायचं.

१५ जुलै २०२३

पावसाळ्यात गिरगावात बंद पडून राहिलेल्या यंत्राचे पीसीआय स्लॉट तसेच वापरू नयेत. संपर्कांवर काळपट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कडक ब्रशने स्लॉट, कार्डची सोनेरी कड पेन्सिलच्या खोडरबराने, मग पुन्हा अल्कोहोल. अर्धा तास वाळू दिलं.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. ड्रायव्हर आधी, डिस्कची अदलाबदल नंतर. जुनी ३.२ जीबी डिस्क बोर्डच्या पोर्टवर तशीच ठेवली, कार्ड घातलं, त्याला अजून काही जोडलं नाही. विंडोजने नवं पीसीआय स्टोरेज साधन सापडल्याचं सांगितलं. फ्लॉपीवरचा विंडोज ९८ चा ड्रायव्हर दिला. विंडोज सीडीच्या कॅबिनेट फाइली मागतं, म्हणून सीडीवरचा तो फोल्डर आधीच डिस्कवर उतरवून ठेवला होता. परत सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड स्कझी कंट्रोलरांच्या यादीत आलं, पिवळं चिन्ह नाही.

हा क्रम उलटा केला तर विंडोज कार्डवरच्या डिस्कवरून सुरू होतं खरं, पण एमएस-डॉस सुसंगत मोडमध्ये. डिस्कचा प्रत्येक व्यवहार कार्डच्या बायोसमधून जातो, सगळं कासवाच्या चालीने चालतं आणि कारण चटकन लक्षात येत नाही. सिस्टीम प्रॉपर्टीजच्या परफॉर्मन्स पानावर फाइल सिस्टीम आणि व्हर्च्युअल मेमरी ३२ बिट दिसलीच पाहिजे. दिसली.

१७ जुलै २०२३

१२० जीबी डिस्क कार्डला, मास्टर, क्षमतेचा जंपर नाही. कार्डच्या बायोसने पूर्ण आकार दाखवला.

विंडोज ९८ च्या मूळ एफडिस्कमध्ये ती ४८,९३७ एमबी दिसते. खरा आकार १,१४,४७३ एमबी, वजा ६५,५३६. हिशेब तंतोतंत जुळतो, म्हणजे डिस्कमध्ये किंवा कार्डमध्ये दोष नाही, फक्त हे साधन अपुरं आहे. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये सुधारलेला एफडिस्क काढला, तो वापरला. त्यालाही पाच आकड्यांच्या वरचा एमबी आकडा घालता येत नाही, म्हणून आकार टक्क्यांत द्यायचे, टक्क्याच्या चिन्हासकट.

प्राथमिक पार्टिशन ७ टक्के, साधारण ८,०१३ एमबी. हे जाणूनबुजून: ८ जीबीच्या आत राहिलं की एफएटी३२ चा क्लस्टर (फाइलला दिला जाणारा जागेचा सर्वांत छोटा तुकडा) ४ केबीचा राहतो, आणि पार्टिशन पहिल्या १,०२४ सिलिंडरच्या आत संपतं, त्यामुळे कुठल्याही जुन्या बूट फ्लॉपीला ते पोहोचता येतं. उरलेलं विस्तारित पार्टिशन. त्यात ४३ टक्क्यांचं एक लॉजिकल, सुमारे ४५,७७८ एमबी, आणि बाकीचं दुसरं, सुमारे ६०,६८२ एमबी. दुसरंही ६५,५३६ च्या खालीच ठेवलं, कारण फॉरमॅट आज्ञाही ६४ जीबीच्या वर चुकीचा आकार छापते आणि मग बघणाऱ्याला नाहक शंका येते.

लिनक्सवर पार्टिशनचे प्रकार तपासले. विस्तारित पार्टिशनचा प्रकार ०एफ हवा. जुन्या साधनाने ते ०५ केलं असेल तर डॉस सिलिंडर-हेड-सेक्टरने पत्ता काढतं आणि ८.४ जीबीच्या पुढे भलत्याच जागी पोहोचतं. इथे ०एफ आहे.

१९ जुलै २०२३

जुन्या डिस्कची प्रतिमा जशीच्या तशी नव्या पार्टिशनवर ओतली असती तर यंत्र सुरू झालं नसतं, म्हणून तसं केलं नाही. जुन्या डिस्कच्या लेबलवर ६,२५६ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आहेत. बोर्डच्या बायोसने एलबीए मोडमध्ये त्याचं ७८२, १२८, ६३ केलं होतं. म्हणजे तिच्या बूट सेक्टरमध्ये १२८ हेड लिहिलेले आहेत. कार्डचा बायोस नवी डिस्क २५५ हेडने चालवतो. बूट सेक्टर एक भूमिती सांगतो, बायोस दुसरी वापरतो, आणि काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो.

त्याऐवजी पार्टिशन याच यंत्रावर, याच कार्डवर, सिस्टीम फाइलींसह फॉरमॅट केलं आणि फाइली एक्सकॉपी या डॉसच्या आज्ञेने उतरवल्या. एक्सकॉपी विंडोजच्या आतल्या डॉस खिडकीतूनच चालवायचं. निव्वळ डॉसमधून केलं तर लांब नावं कापली जातात. लपलेल्या, सिस्टीम आणि केवळ-वाचनाच्या फाइली, गुणधर्म, रिकामे फोल्डर यांचे स्विच लावले, आणि चूक आली तरी पुढे जाण्याचाही, कारण चालू असलेली स्वॅप फाइल वाचता येत नाही आणि नाहीतर काम तिथेच थांबतं.

ड्राइव्हच्या अक्षरांबद्दल: दोन्ही डिस्क असताना नव्या डिस्कचं प्राथमिक पार्टिशन डी: आणि लॉजिकल ई:, एफ: होतात. जुनी काढली की ती सी:, डी:, ई: होतात. यात सीडी ड्राइव्हचं अक्षर सरकतं आणि जुनी सॉफ्टवेअरं सीडी शोधत बसतात. सीडीला आधीच आर: देऊन टाकलं.

मग जुनी डिस्क काढली, सेटअपमध्ये प्राथमिक मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही ‘नन’ केले. बूट फ्लॉपीने सुरू करून प्राथमिक पार्टिशन सक्रिय केलं. मायक्रोसॉफ्टचा एफडिस्क फक्त पहिल्या डिस्कवरचं पार्टिशन सक्रिय करू देतो, त्यामुळे हे काम अदलाबदलीआधी होत नाही. विंडोज कार्डवरून सुरू झालं. परफॉर्मन्स पानावर ३२ बिट कायम.

२२ जुलै २०२३

आता खरी परीक्षा. सी: वरच्या सगळ्या फाइलींची चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायच्या ताळ्याच्या आकड्यांची) यादी लिनक्सवर काढून ठेवली. मग जुन्या यंत्रावर बॅच फाइल: ६४० एमबीची एक फाइल आणि तिच्या पुढे प्रत्येक वेळी वेगळा अनुक्रमांक जोडून डी: आणि ई: काठोकाठ भरायचे. डी: वर ७१ आणि ई: वर ९४ फाइली मावल्या. अनुक्रमांक हवाच; सगळ्या फाइली सारख्या असतील तर एकीवर दुसरी लिहिली गेली तरी ताळा जुळतो. डी: मध्ये ३३.८ जीबीची हद्द येते, ई: मध्ये ६४ जीबीची आणि डिस्कचं शेवटचं टोक.

पहिल्या भरणीनंतर स्मार्टची १९९ वाढलेली. फाइली बरोबर होत्या, कारण सीआरसी चुकल्यावर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो, पण हे तसंच सोडायचं नव्हतं. डिस्क खालच्या कप्प्यात असल्याने केबलच्या मधल्या राखाडी कनेक्टरवर होती आणि टोकाचा काळा मोकळा लोंबत होता. मोकळ्या टोकावरून सिग्नल परत फिरतो. डिस्क वरच्या कप्प्यात, काळ्या कनेक्टरवर, निळा कार्डला. पुन्हा पूर्ण भरलं. १९९ जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी डिस्क लिनक्स यंत्रावर नेऊन १६५ फाइलींचे अनुक्रमांक आणि चेकसम तपासले, मग सी: ची यादी. सगळं जुळलं; सी: वर बदलल्या त्या फक्त रजिस्ट्री, स्वॅप आणि लॉगच्या फाइली. चाचणीच्या फाइली पुसल्या, तिन्ही पार्टिशनवर स्कॅनडिस्क, दोष नाही.

२६ जुलै २०२३

पॅरलल पोर्टचा मोड फोटोशी ताडून परत लावला, लॉक सापडलं, जुन्या अंकांची काही पानं पेजमेकरमध्ये उघडून छापील प्रतींशी ओळ न् ओळ मिळवली. सीडी आणि झिप डिस्कवरचा संग्रह डी: वर उतरवणं सुरू; त्याचीच दुसरी प्रत लिनक्स यंत्रावर. डिस्कचं तापमान दिवसभराच्या कामानंतर ४५ अंशांच्या वर गेलं, म्हणून तिच्यासमोर ८० मिमीचा पंखा लावला, ४१ वर आलं.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: ‘डिस्क फक्त कार्डलाच लावावी, बोर्डच्या पोर्टला नाही. प्राथमिक मास्टर-स्लेव्ह नन. पॅरलल पोर्टचा मोड बदलू नये. डिस्क बदलल्यास १२० जीबी किंवा लहान. १६० जीबी घालू नये.’ कार्डचा ड्रायव्हर, सुधारलेला एफडिस्क आणि बूट फ्लॉपी यांच्या प्रती एका सीडीवर, ती सीडी कॅबिनेटमध्येच. तशाच दुसऱ्या कार्डची चौकशी चालू आहे; मिळालं की तेही सुटं आणून ठेवायचं.